ठेवलेली हातोडी

माझी हातोडी टेबलावर पडली होती आणि तिच्याखाली कागद दाबून ठेवले होते. मी दारातच थांबलो. कर्जत स्टेशनसमोरच्या चहावाल्याची पुढची खोली समुद्रापलीकडच्या बसऱ्याच्या कंपनीच्या एजंटने बाजाराच्या दिवसापुरती भाड्याने घेतली होती. एजंटचा कारकून दिघे तिथे कोटाची बटणं सोडून बसला होता. वाऱ्याने कागद उडू नयेत म्हणून एखादा धोंडा ठेवावा तशी त्याने हातोडी ठेवली होती. दुसऱ्या कुणाला ती ओळखू आली नसती. तिचा दांडा धामणीच्या लाकडाचा आहे आणि मुठीपाशी जरा डावीकडे वाकलेला आहे, कारण लाकूडच तसं होतं. ते लाकूड जिजाने डोंगरातल्या वाडीवरच्या ठमीकडून शेरभर तांदूळ देऊन आणलं होतं. मी म्हणालो होतो, वाकडं आहे. ती म्हणाली होती, "तुमचा हात तरी कुटं सरळ हाय?" मग तिनेच त्याला करंजाचं तेल लावून उन्हात ठेवलं, पुन्हा लावलं, पुन्हा ठेवलं. माझ्या हाताला त्या दांड्याची इतकी सवय होती की टेबलावर तो दिसल्याबरोबर माझी बोटं आपोआप वळली. मला त्या बोटांचा राग आला.

"दाजी, दारात का उबे? आत चला ना," मागून धाकलू म्हणाला. धाकलू हा जिजाचा धाकटा भाऊ, कुंभिवलीचा. त्याने नवा सदरा घातला होता. मी माझा हिशोब मिटवायला आलो होतो, तो बसऱ्याला जायला नाव घालायला आला होता. बाकावर साजगावचे आणि कुंभिवलीचे आणखी चार-पाच जण मांडीवर टोप्या ठेवून बसले होते. दिघ्याने मान वर केली की सगळे एकदम थोडे उठत आणि त्याने मान खाली घातली की बसत. त्यांना कुणी उठायला सांगितलं नव्हतं. पाच वर्षांपूर्वी मीही अशाच एका बाकावर असाच उठबस करत होतो. त्यामुळे मला त्यांची कीव यायला हवी होती. पण नाही आली. त्यांच्या मानेमागे चोपडलेल्या तेलाचा वास येत होता आणि मला तो वास सहन होत नव्हता. जिजा गेल्यापासून मला माणसं अशी तुकड्यातुकड्यांनी दिसतात. कुणाची मान, कुणाचा अंगठा, कुणाचं तोंडातल्या तोंडात हसणं. आणि कुठलाच तुकडा चांगला दिसत नाही.

दिघे म्हणाला, "बस रे नागू. तुझं जरा वेळाने." मी बसलो नाही. भिंतीला टेकून उभा राहिलो आणि हातोडीकडे बघत राहिलो. ती इथे कशी आली हे विचारायची मला गरज नव्हती. ती मी ज्या साहेबाच्या हातात दिली होती, त्याने ती कुणाकडे तरी दिली, त्याने आणखी कुणाकडे, आणि शेवटी जहाजातून ती या माणसाकडे आली. या सगळ्यांपैकी एकानेही विचार केला नाही की माणूस आपली हातोडी का ठेवून जातो. कंपनीचं हत्यार कंपनीला परत करतात, हे कुणालाही कळेल. पण ही माझी होती. स्वतःची हातोडी कोण कशाला दुसऱ्याला देईल? एवढा साधा प्रश्न पगार घेणाऱ्या इतक्या माणसांपैकी कुणालाही पडू नये, याचं मला अजून नवल वाटतं. नवल म्हणजे तिरस्कारच, पण मी तो शब्द फार वेळा वापरू लागलो आहे असं माझी चुलती धोंडूबाई म्हणते.

आमच्या कडावात कुणालाही तो प्रश्न पडला नसता. माझा बाप सालगडी होता. गड्याला सालाच्या मधेच जावं लागलं, घरात कुणी आजारी पडलं किंवा मयत झाली, तर तो आपला कोयता मालकाच्या पडवीच्या वळचणीला खोचून जातो. स्वतःचा कोयता, मालकाचा नाही. बोलायचं काही नसतं. कोयता वर आहे तोपर्यंत गडी त्या घरचा, त्याची जागा त्याची. मालकाला तो नको असेल तर मालकाने स्वतः कोयता काढून गड्याच्या दारात नेऊन ठेवायचा, आणि सोबत महिनाभराचं भात न्यायचं, कारण माणसाला दुसरं घर धुंडायला तेवढे दिवस लागतात. हातात भात नाही आणि नुसता कोयता घेऊन कुणी मालक आला तर त्याला बायका दारातूनच परत पाठवतात. मोतीबाई म्हणून एक जमीनवाली होती. तिने एका गड्याला मनातून काढून टाकलं, पण भात द्यायचं तिच्या जिवावर आलं. तिने कोयता नेलाच नाही. तो तिच्या वळचणीला तसाच राहिला. गंजला, त्याच्या मुठीत कुंभारमाशीने घर केलं. तिच्या मुलीचं लग्न त्याच पडवीत झालं, तेव्हा व्याही मंडळी वर बघून विचारत होती की हा कोयता कुणाचा, आणि मोतीबाई कुणाला तरी पाणी आणायला सांगत होती. माझा बाप तांबडं फुटताना त्या घरावरून जायचा आणि रोज खोकायचा. त्याला खोकला नव्हता.

मी बसऱ्याच्या कारखान्यात फिटर होतो. खजुराची झाडं, खारट पाणी, आणि लोखंडाला हात लावला तर भाजेल असं ऊन. जेवणात वाळू आणि अंथरुणात वाळू. कुंभिवलीचा गजा नव्या माणसांच्या तांड्यात आला आणि पहिल्याच संध्याकाळी माझ्या खोलीत येऊन बसला. गावाकडच्या गोष्टी सांगायला लागला, कुणाची म्हैस व्यायली, खोपोलीच्या वीजघरात कोण लागला. मी त्याला चहा दिला. चहा संपला तरी तो कप सोडेना. मग म्हणाला, "दादा, वयनी उठत नाय." मी म्हणालो, "कधीपासनं?" तो म्हणाला, "मी निगालो तवा नवती उठत." म्हणजे त्याला हे जहाजावर सबंध वाटेत माहीत होतं, कारखान्याच्या फाटकात मला मिठी मारली तेव्हा माहीत होतं, आणि म्हैस व्यायली ते त्याने आधी सांगितलं. गजा चांगला मुलगा आहे. चांगल्या माणसांचा मला जास्त राग येतो.

दुसऱ्या दिवशी मी फोरमन साहेबापुढे उभा राहिलो. कंपनीच्या करारात दोन्ही बाजू लिहिलेल्या होत्या, हे मला ठाऊक होतं. आपण नोकरी सोडायची तर महिनाभर आधी सांगायचं, नाहीतर महिन्याचा पगार कापतात. कंपनीने काढलं तर कंपनीने महिन्याचा पगार हातावर ठेवायचा. मला नोकरी सोडायची नव्हती आणि मला कुणी काढतही नव्हतं. मला घरी जाऊन यायचं होतं. दुभाष्याने ते काय सांगितलं देव जाणे. साहेब म्हणाला, गुरुवारी बोट आहे, जा. मी छातीवरचा पितळी बिल्ला काढला, कमरेची हातोडी काढली, आणि दोन्ही हातांनी त्याच्या टेबलावर ठेवली. बाप मालकाच्या पडवीत जसा वाकायचा तसा मी थोडा वाकलो. साहेबाने हातोडी उचलून पाहिली, दांड्यावरून अंगठा फिरवला, आणि माझ्याशी हात मिळवला. इतक्या वर्षांत त्याने कधी माझ्या हाताला हात लावला नव्हता. मला वाटलं, त्याला कळलं. बोटीच्या सबंध वाटेत मला बरं वाटत होतं की त्या परक्या माणसाला कळलं. खरं तर तो मला कायमचा निरोप देत होता. त्या हात मिळवण्याची आठवण झाली की मी अजून धोतराला हात पुसतो.

घरी आलो तेव्हा जिजा ओटीवर पडली होती. तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. धोंडूबाई तिच्यापाशी बसायची. ती म्हणाली, "जिजा, कोन आलाय बग गं." जिजाने मला बघितलं आणि तिच्या तोंडावर आनंद आला नाही. भीती आली. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तिला वाटलं, तिच्या आजारामुळे सगळं गेलं. गावात बायका तिला तेच बोलत होत्या. कडेवर मूल नाही आणि आता नवऱ्याची नोकरी पण खाल्ली, असं तिच्या कानावर पडेल इतक्या आवाजात बोलत होत्या. पाणी भरणाऱ्या बायका, सणाला तिच्याकडून पीठ नेणाऱ्या बायका. ती म्हणाली, "आवो, माज्यापायी काम सोडलंत?" मी म्हणालो, "नाय गं. हातोडी ठेवून आलोय."

तिला पुढे काही सांगावं लागलं नाही. ती याच मातीतली होती. तिच्या कपाळावरची शीर, जी मी आल्यापासून ताणलेली होती, ती सैल पडली. थोड्या वेळाने म्हणाली, "ती वाकडी?" मी म्हणालो, "तीच." ती म्हणाली, "मंग जपून ठेवतील नव्हं?" मी म्हणालो, "साहेबाने स्वतः हातात घेतली." ती हसली. नंतर ती बोलली ते पाणी द्या, पांघरूण काढा, असलंच. त्या आठवड्यातच ती गेली. माणसं जमली, रडली, जेवली. तिला टोचून बोलणाऱ्या सगळ्यांत मोठ्याने रडल्या. दिवस झाल्यावर मी मुंबईला एजंटच्या कचेरीत बोटीचं तिकीट मागायला गेलो. घरात मला राहवत नव्हतं. खिडकीतल्या माणसाने सांगितलं की माझं नाव कमी झालंय, मी नोकरी सोडलीय, आणि नोटीस न देता सोडली म्हणून शेवटच्या महिन्याचा पगार कापलाय. मी म्हणालो, सोडली नाही. तो म्हणाला, बिल्ला आणि हत्यार जमा केलंस ना? त्याला आनंद झाला होता. आपल्याला नियम माहीत आहे आणि समोरच्याला नाही, याचा त्याला आनंद झाला होता. तो म्हणाला, कर्जतला आमचा माणूस बसेल, तुझा निकाल तिथे होईल.

"हां, नागू," दिघे म्हणाला. "ये पुढे."

मी पुढे गेलो. धाकलूही न बोलावता आला आणि माझ्या बाजूला हात जोडून उभा राहिला. मी त्याच्या हाताकडे पाहिलं तेव्हा त्याने ते सोडले आणि सदरा सारखा केला.

"हे बघ," दिघे म्हणाला, "तू न सांगता निघालास. कायद्याने तुला दिडकी मिळत नाही. पण तुझी बायको वारली ते मी वर कळवलं. कंपनी मोठ्या मनाची आहे. अर्धा पगार देतेय. हक्क म्हणून नाही हां, दया म्हणून. इथे सही कर. मी स्वखुशीने नोकरी सोडली, एवढंच लिहिलंय. आणि ही तुझी हातोडी घेऊन जा."

"हातोडी कंपनी परत देतेय?" मी विचारलं.

"मग? आम्हाला काय करायचीय ती?"

"म्हणजे कंपनीने मला काढलं. मग पुरा महिना द्या, आणि कापलेला पण."

दिघे बाकाकडे बघून हसला. बाकावरचे दोघे हसले. त्यांना काय चाललंय ते कळलं नव्हतं, पण दिघे हसला म्हणून ते हसले. "अरे, काढलं कोणी? तू स्वतः हत्यार जमा केलंस."

"जमा नाही केलं. ठेवलं."

"तेच ते."

"तेच ते नव्हे. आमच्याकडे हत्यार ठेवून जातो तो परत येणारा असतो. सोडणारा आपलं हत्यार घेऊन जातो. तुम्ही तरी सोडताना पेन मालकाला देऊन जाल का?"

दिघ्याचा हात कोटाच्या खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. मग तो एकदम आदराने बोलायला लागला. "नागूशेठ, तुम्ही शहाणे आहात. मीही इकडचाच, खालापूरचा आहे. कोयता खोचायची रीत मला काय सांगता? आमच्याही पडवीत खोचायचे. पण बसऱ्याच्या साहेबाला मी कडावची पडवी कशी समजावू? सही करून टाका. इथे कोण बघतंय?"

तेव्हा मला त्याची खरी किळस आली. तोपर्यंत मी धरून चाललो होतो की त्याला कळत नाही. साहेबाला कळलं नाही, खिडकीतल्या माणसाला कळलं नाही, त्यांना मी मूर्ख म्हणून सोडून देऊ शकत होतो. याला कळत होतं. सगळं कळून त्याने ती हातोडी कागदांवर ठेवली होती. आणि कोण बघतंय, असं तो मला विचारत होता. मी त्या कागदाकडे बघितलं. मला वाचता येतं. मी स्वखुशीने नोकरी सोडली. मला त्या अक्षरांपेक्षा मोठ्याने जिजाचा प्रश्न ऐकू येत होता, माज्यापायी काम सोडलंत? तिला मी नाही म्हटलं होतं आणि त्यावर ती निजली होती. आता इथे सही केली की ते खोटं होणार. ती काही विचारायला परत येणार नाही, हे मला माहीत आहे. मी भुताखेतांतला माणूस नाही. पण ज्या गोष्टीवर विसंबून माणूस मरतो ती मागाहून बदलायची, तीही अर्ध्या पगारासाठी, हे मला जमणारं नव्हतं. पुऱ्या पगारासाठीही जमलं नसतं. कंपनीने काढलं असं लिहून दिलं असतं तर गोष्ट वेगळी होती. काढलं तर काढलं. त्यात मी सोडलेलं नसतं.

"दाजी, करा ना सही," धाकलू हळूच म्हणाला. "त्यांना राग आला तर माजं नाव पन कापतील. आनि पैसं कुटं वाईट हायत? आक्काच्या नावानं मिळतायत."

"आक्काच्या नावानं?" मी म्हणालो. "आक्का जिवंत होती तवा तू किती वेळा आलास रं कडावला?"

"तसं नाय वो..."

"मंग कसं?"

त्याने खालचा ओठ आत ओढला. जिजाही असाच ओढायची. मी तोंड फिरवलं.

"मी सही करत नाही," मी दिघ्याला म्हणालो. "मला काढलं असं लिहा, महिना द्या, मग हातोडी नेतो."

"मग जा की," दिघ्याचा आदर संपला. "हातोडी उचल आणि चालता हो. तुझी धोंड इथे नको." आणि माझ्याकडे फेकायला म्हणून त्याने ती टेबलावरून उचलली.

त्याच वेळी घाटाकडचा वारा आला. कर्जतला दुपारनंतर तो येतोच. खालापूरच्या माणसाला तेवढं माहीत असायला हवं होतं. टेबलावरचे सगळे कागद उठले. अंगठे उमटवायचे कागद, उमटवलेले कागद, माझा स्वखुशीचा कागद. काही चहाच्या चुलीकडे गेले, काही दारातून स्टेशनच्या रस्त्यावर. दिघे एका हाताने कागद धरत होता, दुसऱ्या हातात हातोडी होती, आणि ती कुठे ठेवावी ते त्याला कळत नव्हतं. बाकावरचे सगळे उठून कागदांमागे धावले. इतका वेळ ज्यांना कुणी बसासुद्धा म्हटलं नव्हतं, ते आपल्याच गळ्यातले फास गोळा करत होते. धाकलू सगळ्यांत पुढे होता. तो कमरेत वाकून, एक हात गुडघ्यावर ठेवून, दुसऱ्या हाताने भराभर कागद वेचत पुढे सरकत होता. जिजा भाताच्या लावणीला अशीच वाकायची. तोच खांदा, तेच मान न उचलता पुढे सरकणं. आता तो मान वळवून माझ्याकडे बघेल आणि घाम पुसेल असं मला वाटलं, आणि मी तिथे आणखी क्षणभर थांबलो असतो तर काहीही केलं असतं, कदाचित सहीसुद्धा.

दिघ्याने जमलेले कागद टेबलावर आपटले आणि त्यांच्यावर, जागच्या जागी, हातोडी ठेवली. ठेवल्यावर त्याच्या ध्यानात आलं. त्याने माझ्याकडे बघितलं. मी फक्त खोकलो.

धाकलू रस्त्यापर्यंत माझ्या मागे आला. त्याच्या हातात अजून एक कागद होता. "दाजी, हातोडी ऱ्हायली ना."

"ऱ्हायली नाय. ठेवलीय."

त्याने हातातल्या कागदाकडे बघितलं, मग खोलीकडे. मी म्हणालो, "जा, तुजा अंगठा लाव. फक्त तितं गेल्यावर हात मिळवायला आला कुनी, तर आपला हात मागं ठेव." तो परत आत गेला. तो जाणार हे मला माहीत होतं. मला त्याचा राग येत नव्हता, आणि राग येत नाही याचं मला वाईट वाटलं.

मी कडावच्या रस्त्याला लागलो. मागे स्टेशनात घाट चढणाऱ्या गाडीला इंजिन जोडत होते. तो दणका मी लांबून ओळखतो. भाताची शेतं कापून झाली होती आणि बोडक्या जमिनीत बगळे उभे होते. माझा उजवा हात रिकामा होता आणि चालताना तो पुढेमागे होत होता, मला तो बघवत नव्हता, म्हणून मी तो कमरेला खोचला. घरी धोंडूबाई पडवीत तांदूळ पाखडत होती.

"काय झालं रं? मिटलं?"

"नाय."

"मंग? नोकरी गेली का हाय?"

मी ओटीवर बसलो, जिजा जिथे पडायची त्याच्या जरा बाजूला. कागदांवर ठेवलेली हातोडी मला दिसत होती. दिघे ती आज ना उद्या उचलेल, वारा आला की परत ठेवेल, दर बाजाराला कुणीतरी विचारेल ही कुणाची, आणि तो कुणाला तरी चहा आणायला सांगेल.

"हाय," मी म्हणालो. "त्यांनी सोडलं नाय, मी बी सोडलं नाय. पगार चढतोय त्यांच्या डोक्यावर."

धोंडूबाईने सूप थांबवलं. जिजाच्या जागेकडे बघितलं आणि पुन्हा पाखडायला लागली.